रेवसचे कोळी आणि रामदास बोट

आम्ही परभणीकडची माणसं, गोदाकाठची. पूर पाहिलाय, समुद्र नाही. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचीत बसलो तेव्हा दांडी घट्ट धरून होतो. शेजारची बाई टोपलीवर हात ठेवून खुशाल झोपली होती.

ह्याच वाटेवर 17 जुलै 1947 ला रामदास बोट बुडाली. गटारीचा दिवस. मुंबईतली कष्टकरी माणसं गावाकडं निघालेली. सकाळी आठला बोट सुटली आणि काश्याच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सातशेच्या आसपास माणसं. सहाशेच्या वर गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला कळायला दुपार उलटली. पुढं महिन्याभरात देश स्वतंत्र झाला. (आम्ही तेव्हा निजामात. आमचा नंबर 17 सप्टेंबर 1948 ला लागला.)

शाळेत मला कुणी रामदास शिकवली नाही. शिकवली असती तरी त्यात बोट असती, कंपनी असती, कप्तान असता. रेवसचे कोळी नसते. ते मासळी घेऊन मुंबईकडं निघाले होते. बुडती माणसं दिसली तशी त्यांनी मासळी पाण्यात फेकली, होड्या रिकाम्या केल्या आणि माणसं ओढून घेतली.

मी बोटींच्या मागं लागलो तो 1927 मुळं. त्या साली 11 नोव्हेंबरला जयंती आणि तुकाराम ह्या दोन बोटी एकाच दिवशी कोकणच्या समुद्रात बुडाल्या. दीड महिना होतो न होतो, 24 डिसेंबरला बाबासाहेब आणि दोनेकशे माणसं पद्मावती बोटीनं दासगाव बंदराकडं निघाली. महाडच्या दुसऱ्या परिषदेला. धरमतरची वाट जवळची, पण तिथून पुढं मोटारवाल्यांनी आपल्याला घेतलं नाही तर, ही धास्ती होती. तळ्याच्या पाण्यासाठी निघालेल्यांनी समुद्राचं पाणी पत्करलं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. मला ती ओळ सोडत नाही. बोटीत रात्री जयंती-तुकारामची गोष्ट कुणी काढली असेल का? की मुद्दाम कुणीच काढली नसेल?

रेवसला एक म्हातारे जाळं सांधत बसले होते.

"बाबा, त्या दिवशी तुमचे वडील होते का?"

"व्हता ना."

"माणसं ओढताना जातबीत?"

त्यांनी मान वर केली. "तू कुठला?"

"परभणी."

"तिकडं दर्या हाय?"

"नाही."

"मंग," म्हणाले आणि पुन्हा जाळ्याला लागले.

मी भारावून गेलो नाही. त्याच काळात किनाऱ्यावरच्या गावांतूनही आपल्या माणसांना विहिरीवर चढू देत नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरी वही काढली. त्या होडीत आणखी कोण कोण होतं, विचारलं. त्यांनी पाच नावं सांगितली. घरच्यांना विचारून ती पुढच्या अंकात देईन. सहावं त्यांना आठवेना. सुनेला विचारतो म्हणून उठले आणि आत गेले.