बायबलमधील प्रमुख व्यक्ती आणि त्यांचा कालक्रम

बायबलमध्ये शेकडो व्यक्तींच्या कथा आहेत. परंतु आपल्या परिचयाच्या सनावळीतील एकही तारीख त्यात आढळत नाही. ‘अमुक राजाच्या कारकिर्दीच्या अमुक वर्षी’ अशीच त्यातील कालगणनेची रीत आहे. साहजिकच अब्राहाम, मोशे, दावीद किंवा येशू यांचा काळ ठरवताना बायबलमधील उल्लेख आणि बायबलबाहेरील शिलालेख यांची सांगड घालावी लागते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळ्या व वयांची बेरीज करून सृष्टीची उत्पत्ती इ.स.पूर्व ४००४ मध्ये झाली, असे गणित मांडले. मथुशलहाचे ९६९ वर्षांचे आयुष्यही या वंशावळींतच येते. आज इतिहाससंशोधक या बेरजेला कालगणनेचा आधार मानत नाहीत.

आद्य पूर्वज व मोशे

अब्राहाम, इसहाक, याकोब आणि योसेफ यांच्याविषयी बायबलबाहेरचा समकालीन पुरावा नाही. परंपरेने अब्राहामाचा काळ इ.स.पूर्व २००० च्या सुमारास धरला जातो. तो श्रद्धेचा व परंपरेचा भाग आहे. मोशेच्या बाबतीत दोन मते आहेत. शलमोनाने आपल्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी मंदिराचे काम आरंभिले, तेव्हा मिसर देशातून निघून ४८० वर्षे झाली होती, असे ‘राजे’ या ग्रंथात म्हटले आहे. त्यावरून निर्गमनाचे वर्ष इ.स.पूर्व १४४६ येते. दुसरीकडे, इस्राएली लोकांनी ‘रामसेस’ नगर बांधल्याचा उल्लेख ‘निर्गम’ ग्रंथात असल्याने अनेक अभ्यासक हा प्रसंग इ.स.पूर्व तेराव्या शतकात नेतात. निर्गमनाची कथा ऐतिहासिक नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. निश्चित म्हणता येते ते एवढेच, की फारो मेर्नेप्ताह याच्या इ.स.पूर्व १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव येते. या लोकसमूहाचा बायबलबाहेरील सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख तोच आहे.

राजांचा काळ

दावीद व शलमोन यांनी प्रत्येकी ४० वर्षे राज्य केले, असे बायबल सांगते. ४० हा आकडा बायबलमध्ये वारंवार येत असल्याने तो ढोबळ असण्याची शक्यता आहे. प्रचलित गणनेनुसार दावीदाचा काळ इ.स.पूर्व १०१० ते ९७० आणि शलमोनाचा ९७० ते ९३१ असा आहे. शलमोनानंतर राज्याची इस्राएल व यहूदा अशी दोन शकले झाली. दावीद ही व्यक्ती खरोखर होऊन गेली का, या वादाला १९९३ मध्ये वेगळे वळण मिळाले. तेल दान येथे सापडलेल्या इ.स.पूर्व नवव्या शतकातील अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असे शब्द बहुतेक अभ्यासकांनी वाचले.

यापुढील तारखांचा पाया मात्र पक्का आहे. अश्शूरच्या वार्षिक नोंदींमध्ये एका सूर्यग्रहणाचा उल्लेख आहे. खगोलगणितानुसार ते १५ जून, इ.स.पूर्व ७६३ रोजी झाले आणि त्यावरून मागची-पुढची वर्षे ठरतात. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या लेखांनुसार अहाब राजा इ.स.पूर्व ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत होता आणि येहूने ८४१ मध्ये खंडणी दिली. म्हणजे अंतर १२ वर्षांचे. बायबलमध्ये मात्र या दोघांमध्ये अहज्याची दोन व यहोरामाची बारा, अशी १४ वर्षे भरतात. इस्राएलात राज्यारोहणाचे अपुरे वर्षही पूर्ण धरत, त्यामुळे एकच वर्ष दोन्ही राजांच्या खात्यात मोजले जाई. प्रत्येकाचे एक वर्ष वजा केले की बारा वर्षांचा मेळ बसतो. एडविन थीले यांनी १९५१ च्या ग्रंथात अशा पद्धतींची सविस्तर मांडणी केली.

अहाबाचा समकालीन संदेष्टा एलीया. मराठीभाषक बेने इस्राएल समाज मलिदाच्या विधीत ज्या ‘एलियाहू हन्नबी’चे स्मरण करतो, तो हाच.

यहूदाचा राजा हिज्कीया आणि संदेष्टा यशया यांच्या काळात, इ.स.पूर्व ७०१ मध्ये, सन्हेरीबाने यरुशलेमला वेढा घातला. बाबेलच्या नोंदींनुसार नबुखद्नेस्सराने इ.स.पूर्व ५९७ मध्ये हे नगर घेतले. कैदेतील राजा यहोयाखीन याला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंदही बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर सापडली आहे. यिर्मया हा या काळाचा साक्षीदार. मंदिराचा विध्वंस इ.स.पूर्व ५८७ किंवा ५८६ मध्ये झाला. पुढे कोरेशाने ५३९ मध्ये बाबेल जिंकले, यहूद्यांना परतण्याची मुभा मिळाली आणि दुसरे मंदिर ५१५ मध्ये पूर्ण झाले.

येशू आणि पौल

इसवी सनाची कल्पना डायोनिसियस एक्झिगस या मठवासीयाने इ.स. ५२५ मध्ये मांडली. परंतु त्याच्या गणितात काही वर्षांची चूक राहिली. मत्तयानुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला आणि हेरोद बहुधा इ.स.पूर्व ४ मध्ये मरण पावला. त्यामुळे जन्म साधारणतः इ.स.पूर्व ६ ते ४ दरम्यान मानतात. लूकाने उल्लेखिलेली क्विरीनियाची जनगणना मात्र इ.स. ६ मधील आहे. हा विसंवाद अद्याप सुटलेला नाही. पंतय पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. त्याचे नाव असलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे मिळाला. येशूला क्रुसावर दिल्याचे वर्ष म्हणून इ.स. ३० आणि ३३ ही दोन वर्षे प्रामुख्याने सुचवली जातात.

पौलाला करिंथ येथे गल्लियो या अधिकाऱ्यापुढे उभे केले गेले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातील हा सर्वांत भक्कम टप्पा होय. बाकीचे प्रवास व पत्रे याच्या मागेपुढे मांडली जातात.

थोडक्यात, अहाबापासून पुढच्या तारखा बहुतांशी शिलालेखांवर उभ्या आहेत, दावीद व शलमोनाच्या अंदाजाच्या आहेत, तर मोशे व अब्राहाम यांच्या परंपरेच्या. कोष्टकात ही सारी वर्षे सारख्याच ठाशीव अक्षरांत छापली जातात; वाचकाने हा फरक ध्यानी ठेवावा.