अल्गोरिदम : आपल्याही घरची विद्या

संगणकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला की मुले बिचकतात. ‘आपल्या घरात हे कोणी शिकलेले नाही,’ असे म्हणून पालकही मागे सरतात. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात, खलिफा मामून यांच्या काळी, बगदादेत मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, हे त्यांनी पायरीपायरीने लिहिले. बाराव्या शतकात तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि त्यांचे नाव त्या रीतीलाच चिकटले. ठरावीक क्रमाने उत्तरापर्यंत नेणारी कृती म्हणजे अल्गोरिदम.

अशा कृती भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) आहेत. त्यांतील विलोमविधी पाहा. एका संख्येला ३ ने गुणून ५ मिळवले, तर २० आले. मूळ संख्या कोणती? उलट चाला : २० मधून ५ वजा करा, १५ ला ३ ने भागा, उत्तर ५.

हेच फ्लोचार्टमध्ये मांडताना सुरुवात व शेवट लंबगोलात, दिलेली संख्या व उत्तर समांतरभुज चौकोनात आणि प्रत्येक कृती आयतात लिहावी. ‘बाकी शून्य उरली का?’ हा प्रश्न चौकटच्या आकारात येतो. ‘होय’चा बाण उत्तराकडे जातो; ‘नाही’चा बाण ‘पूर्ण संख्या नाही’ या निष्कर्षाकडे.

अकबराच्या दरबारातील फैजी यांनी इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. पुढे इ. स. १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रशीदी यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा उभारणारे वास्तुकार हेच अताउल्लाह होत. मकबऱ्याच्या दरवाजावरील लेखात त्यांच्यासोबत हंसपतराय यांचेही नाव आहे.

घनसावंगीची आपली मुले सहलीला जाऊन तो मकबरा पाहतात. त्यामागचे गणितही त्यांनी पाहावे. संस्कृतातील इल्म फारसीत आणताना अताउल्लाहांना ते परके वाटले नाही. मग आपण का बिचकावे? पालकहो, घरी संगणक नाही म्हणून मुला-मुलींना थांबवू नका. पहिला फ्लोचार्ट वहीच्या पानावर, पेन्सिलीनेच काढायचा असतो.