मेद झडावा, मांस राहावे

वजन उतरवण्यासाठी खाण्यावर ताबा ठेवणे, याला स्वीडिश भाषेत 'बान्ता' असे एक क्रियापद आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये सकाळी धावायला जाण्याला 'कूपर करणे' म्हणतात. हे दोन्ही शब्द माणसांच्या आडनावांतून आले आहेत. पहिले आडनाव लंडनमधल्या एका व्यावसायिकाचे, दुसरे अमेरिकन हवाईदलातल्या एका डॉक्टरचे. बारीक होण्याचे दोन मार्ग गेल्या दीडशे वर्षांत जगाने धरले, एक खाणे आवरण्याचा आणि दुसरा चालण्या-धावण्याचा. दोघांनाही असे घरगुती नाव मिळाले. तिसरी गोष्ट मात्र बिननावाची राहिली. चरबी उतरवताना अंगातले मांस, म्हणजे स्नायू, राखायचे कसे?

मी सरकारी कारकून. दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर जातात. आमच्या खात्यात चहाच्या वेळी पूर्वी बढती आणि महागाई भत्ता हे दोनच विषय असायचे. आम्हा सगळ्यांची चाळिशी उलटली तशी त्यांत साखर, कोलेस्टेरॉल आणि वजन यांची भर पडली. कोणी रात्रीचे जेवण सोडतो, कोणी मिरामारला फेऱ्या मारतो. शेवटी सगळे बोलणे येऊन थांबते ते काट्यापाशी: किती किलो उतरले? एका सहकाऱ्याचे वजन चार-पाच महिन्यांत चांगलेच उतरले. शर्ट ढगळ झाले, सर्वांनी कौतुक केले. पण जुन्या फायलींचा गठ्ठा माळ्यावरून उतरवायची वेळ आली की तो हळूच शिपायाला हाक मारू लागला. काट्याने किती उतरले ते सांगितले होते, काय उतरले ते सांगितले नव्हते. मी कलाशाखेचा माणूस, त्यामुळे या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनेच जाणे मला जमण्यासारखे आहे.

सुरुवात विल्यम बँटिंगपासून करू. हा लंडनचा गृहस्थ राजघराण्यातल्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या कुटुंबातला. १८६२ साली त्याचे वय ६५ च्या घरात होते, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे साधारण ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना, जिना उतरायचा तर पाठमोरा. त्यापूर्वी एका डॉक्टरच्या सल्ल्याने तो पहाटे उठून होडी वल्हवायचा. हातात जोर आला, पण भूकही तितकीच वाढली आणि वजन चढतेच राहिले. मग विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरने त्याची भाकरी-बटाटे, साखर, दूध आणि बिअर बंद केली आणि मांस, मासे, भाज्या खायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली बँटिंगने ही हकिकत एका पुस्तिकेत छापली आणि पहिल्या प्रती फुकट वाटल्या. पुस्तिका इतकी गाजली की त्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले.

बँटिंगच्या गोष्टीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच्या ताटातून पीठ आणि साखर गेली, पण मांस-मासे भरपूर राहिले. म्हणजे नकळत का होईना, त्याने प्रथिने सोडली नव्हती. पुढे ज्यांनी नुसते 'कमी खा' एवढेच उचलले, त्यांच्या हातून हा धागा सुटला.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांविषयी आहे. त्यांतल्या अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार तिथे विस्ताराने येतो. स्थूल माणसाला अशक्तपणा का येतो, याचे चरकाने दिलेले कारण आजही विचार करायला लावते. त्याचा मेदच तेवढा वाढत राहतो, बाकीच्या धातूंना पोषण मिळत नाही. शरीर फुगले, पण त्या मानाने उत्साह नाही. म्हणजे मेद आणि मांस हे दोन वेगळे धातू आहेत आणि एक वाढत असताना दुसरा उपाशी राहू शकतो, ही समज तिथे आहे. त्याच अध्यायात चरक प्रमाणबद्ध मांसाच्या, घट्ट बांध्याच्या माणसाची स्तुती करतो. असा माणूस भूक, तहान, ऊन, थंडी आणि व्यायाम सोसू शकतो. स्थूलांसाठी सांगितलेल्या धान्यांत जव, मूग, कोद्रू आणि कुळीथ आहेत. कुळथाचे नाव वाचून गोव्यातल्या माणसाला आपल्याच स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटावे.

युरोप-अमेरिकेतल्या विज्ञानाला ही गोष्ट मोजून दाखवायला विसावे शतक उजाडावे लागले. मोजणार कसे? वाट सापडली नत्राची. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असते, चरबीत ते नसते. तेव्हा लघवीवाटे किती नत्र गेले ते मोजले की शरीराने स्वतःचे किती प्रथिन जाळले याचा हिशेब लागतो. १९१२ साली माल्टाचे एक वकील, आगोस्तिनो लेव्हांझिन, बोस्टनमधल्या फ्रान्सिस बेनेडिक्टच्या प्रयोगशाळेत ३१ दिवस केवळ पाण्यावर राहिले. वजन सुमारे १३ किलोंनी घटले. रोजचे नत्र मोजले गेले आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर पडतच होते. चरबी शिल्लक असतानाही शरीर मांस मोडून खात होते. घरात तांदूळ असताना घराचे वासे जाळावेत, तसा हा प्रकार.

दुसरी वाट पाण्याची. खोबरेल पाण्यावर तरंगते, मांसाचा तुकडा बुडतो. हाच नियम धरून अमेरिकन नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्की यांनी माणसांना पाण्याखाली तोलून शरीराची घनता काढली. १९४२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ जणांना असे तोलले. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतले १७ जण जाडे, सैन्याला नालायक ठरत होते. पाण्यातल्या तोलाने दाखवले की त्यांच्या अंगात चरबी कमी होती. जे वजन होते ते स्नायूंचे. काट्याच्या अज्ञानाचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४४ च्या नोव्हेंबरात, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांचा प्रसिद्ध उपासमारीचा प्रयोग सुरू झाला. युद्धात हत्यार धरायला नकार देणारे ३६ तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरींचे अन्न मिळाले, त्यात मुख्यतः पाव, बटाटे, सलगम आणि मॅकरोनी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचे. वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. ताकद ओसरली, थंडी सोसवेना, मन रात्रंदिवस अन्नाभोवती फिरू लागले. पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर चरबी आधी परतली, मांस मागाहून. हे वाचताना मी मनाशी म्हटले, कमी खाणे, तेही पाव-बटाटे, आणि वर भरपूर चालणे: हाच तर आपल्याकडचा रूढ उपाय! प्रमाण सौम्य असेल, दिशा तीच आहे.

यानंतर आला कूपर. अमेरिकन हवाईदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ सालचे. हृदय आणि फुप्फुसे यांना काम देणारा व्यायाम किती केला, याचे गुण मोजायची पद्धत त्यांनी आणली. १२ मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याची दमछाक मोजायची चाचणीही त्यांचीच. ब्राझीलच्या फुटबॉल संघाच्या तयारीत क्लाऊडिओ कौटिन्यो या लष्करी अधिकाऱ्याने ती वापरली आणि १९७० साली मेक्सिकोत ब्राझीलने विश्वचषक जिंकला. मग 'कूपर' हा शब्द तिथल्या लोकांच्या तोंडी बसला नसता तरच नवल. या चळवळीने जगाचे भलेच केले. हृदयासाठी कार्डिओला पर्याय नाही. पण वजने उचलणे हे पैलवानांचे आणि पोझ देणाऱ्यांचे काम, असा समज याच काळात पक्का झाला. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या महाविद्यालयाने १९७८ साली निरोगी माणसाच्या व्यायामाची शिफारस केली, तिचा सगळा भर दमसासाच्या व्यायामावर होता. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम त्यात आला तो १९९० च्या सुधारित शिफारशीत.

मराठी माणसाला एवढे थांबायची गरज नव्हती. आपल्या तालमीत दंड, बैठका आणि जोर होतेच. त्यांची नोंदही मराठीतच झाली, आणि तीही महाराष्ट्राबाहेर. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. त्याच सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो नेमाने सुरू केला. नमस्काराकडे आजच्या नजरेने पाहा. संथपणे घातले तर हात, खांदे आणि मांड्या शरीराचा भार पेलतात. झपझप घातले तर दम लागतो. स्नायू आणि श्वास दोघांनाही काम. आणि अतिरेक नको म्हणून आयुर्वेदाने मर्यादाही घालून दिली होती: आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा.

पुढे विज्ञान वळून या जागी आले. १९८९ साली अयर्विन रोझेनबर्ग यांनी म्हातारपणी स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक शब्दांचा अर्थ घेतला तर 'मांसाचे दारिद्र्य'. बिननावाच्या गोष्टीला नाव मिळाले, पण ते ती गमावण्याला मिळाले, राखण्याला नाही. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून अधिक झाली. २०१६ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांचे खाणे चार आठवडे ४० टक्क्यांनी कमी केले आणि कसून व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि मांस जवळपास जागच्या जागी राहिले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि वर १.२ किलो मांस वाढले.

आपल्या वयाच्या माणसांसाठी २०१७ सालचा अमेरिकेतला अभ्यास अधिक बोलका आहे. ६५ वर्षांवरच्या १६० स्थूल माणसांचे गट केले. खाणे कमी करून कोणाला फक्त कार्डिओ, कोणाला फक्त वजनांचा व्यायाम, कोणाला दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. काट्याला तिघांत फरक दिसला नसता. पण चरबी सोडून बाकीच्या शरीरातले कार्डिओवाल्यांचे २.७ किलो गेले, वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचे १ किलो आणि दोन्ही करणाऱ्यांचे १.७ किलो. रोजच्या हालचाली कोण चांगल्या करू लागले? दोन्ही करणारे. म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याला धरणे हा मार्ग नव्हे.

२०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली, तेव्हा हा प्रश्न आणखी जवळ आला. त्यांनी वजन खरेच उतरते, पण उतरलेल्या वजनात मांसाचाही वाटा असतो. औषध नवे आहे, हिशेब बेनेडिक्टच्या काळातलाच.

मग करावे काय? एक किलो शरीरचरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलो, यापेक्षा घाई नको. वजन उतरवताना दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी आजची सर्वसाधारण शिफारस आहे. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ७८ ते १०४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा. आपल्या शीत-कडीत कमी करायचे ते शीत, नुस्ते नव्हे. श्रावणात आणि सोमवारी-गुरुवारी कुळीथ, मूग, अळसांदे, दही आहेतच. मिरामारच्या फेऱ्या चालू ठेवाव्यात. त्यांच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला हात टेकून जोर, नाहीतर दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या.

आमच्या आधीच्या पिढीला हे कोणी सांगावे लागले नाही. भातलावणी, विहिरीचे पाणी शेंदणे, माडांना आळी करणे, रगड्यावर मसाला वाटणे यांत त्यांचे मांस आपोआप राखले गेले. खुर्चीवरच्या आमच्या पिढीला ते मुद्दाम राखावे लागणार आहे. काटा हवा तर असू द्या. पण त्याच्या जोडीला आणखी एक माप ठेवा: जेवायला पाटावर बसावे आणि जेवण झाल्यावर हात न टेकता उठावे. आज जमते का ते पाहा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. वजन पाच किलोंनी उतरले आणि उठताना भिंत लागू लागली, तर त्या पाच किलोंत काय गेले हे वेगळे सांगायला नको.