भरमार, काडतूस आणि कायद्यातली एक व्याख्या

‘लाखांदूर भागात लोक काडतुसं हाताने कशी भरायचे’ असा विषय घेऊन अभिलेखागारात जाल, तर त्या नावाची फाइल मिळेल अशी आशा ठेवू नका. आधी १८७८चा हत्यार कायदा काढा, आणि त्यातही व्याख्या वाचा.

भरमार बंदुकीचं नावच तिचं काम सांगतं. नळीच्या तोंडातून दारू, बोळा, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची. प्रत्येक बारासाठी पुन्हा तेच. पुढे काडतूस आलं (हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला), पण पितळी नळकांडं बार उडाल्यावरही शाबूत राहायचं. साध्या अवजारांनी ते पुन्हा भरता येई. म्हणजे भरमारवाल्याचं कसब वाया गेलं नाही.

आता व्याख्या बघा. ‘दारूगोळा’ या शब्दात कायद्याने टोप्या, बोळे, चकमकीचे दगड घेतले, शिवाय दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही घेतली. शिसं, गंधक आणि सोरा मात्र नाव घेऊन वगळले. म्हणजे घरात शिशाची लगड ठेवणं चालेल. पण गोळी ओतायचा साचा? तो ‘यंत्रसामग्री’ आहे की नुसतं अवजार? माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे, कारण हे समोरचा अधिकारी ठरवणार. त्यात युरोपियनांना परवान्यातून सूट होती. वंशावरची ही सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली. साहेबाच्या बंगल्यावरचा साचा कागदावर दिसत नाही, तो म्हणूनच. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘वस्तू नव्हती’ असा लावू नका.

शोधायचं कुठे? लाखांदूर पूर्वी साकोली तहसिलीत होतं आणि भंडारा १९५६पर्यंत नागपूरच्या कारभाराखाली, मध्य प्रांतात (नंतरच्या मध्य प्रदेशात). म्हणून मुंबईआधी नागपूरचं विदर्भ अभिलेखागार गाठा. परवाने, जंगल, शिकार, अशी तिन्ही खाती चाळा.

१९५९चा कायदा वाचताना दोन जागी थांबा. एक, दारूगोळ्याची घटकद्रव्यं आता अधिसूचना काढून व्याख्येत आणता येतात. म्हणजे १८७८ने बाहेर ठेवलेलं दार किलकिलं झालं. दुसरं कलम १३: खरोखर पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथे चक्क नाव घेऊन लिहिलंय. धानाच्या बांधावर रानडुकरं राखणाऱ्या माणसाचा गज आणि टोपी अशी स्वतंत्र भारताच्या कायद्यातही टिकली.