गाव तिथंच राहिलं, देश बदलत गेले

आज एका छोट्याशा गावाची गोष्ट ऐकूया. जमल्यास नकाशा उघडून बसा.

युक्रेनच्या पश्चिम टोकाला झाकारपात्या नावाचा प्रांत आहे. तिथल्या उझ्होरोद शहराच्या दक्षिणेला, सपाट मैदानात, माली सेल्मेन्त्सी हे गाव आहे. 'माली' म्हणजे लहान. त्याला लागूनच मोठं सेल्मेन्त्सी आहे, पण ते आज स्लोवाकियात येतं. दोन्हीकडची बहुतेक माणसं हंगेरियन बोलतात.

असं का झालं? पहिल्या महायुद्धाआधी ही दोन्ही गावं हंगेरीच्या उंग परगण्यात होती. युद्धानंतर ती चेकोस्लोवाकियात गेली. नोव्हेंबर 1938 मध्ये व्हिएन्ना निवाड्याने पुन्हा हंगेरीकडे आली. 1944 मध्ये सोव्हिएत फौजा इथे पोचल्या. 29 जून 1945 ला सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोवाकिया यांच्यात करार झाला, 1946 मध्ये सरहद्द आखली गेली आणि ती नेमकी या दोन गावांच्या मधून गेली. लहान गाव सोव्हिएत युक्रेनमध्ये, मोठं चेकोस्लोवाकियात.

आता विचार करा. 1910 साली लहान गावात जन्मलेला आणि नव्वदीपर्यंत जगलेला माणूस घर न बदलता ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोवाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि 1991 नंतर युक्रेन, अशा पाच राजवटींत राहिला असता!

सरहद्दीची खरी किंमत नात्यांनी मोजली. मधे काटेरी तार आली. पलीकडच्या बहिणीच्या घरी जायचं तर परवानगीची कागदपत्रं आणि दूरच्या नाक्याचा वळसा. कुंपणाशी उभं राहून बोलायलाही मनाई होती. म्हणून शेतात काम करताना लोक गाणं म्हणत, आणि लग्नाची किंवा मयताची बातमी त्या गाण्यात गुंफून पलीकडे पोचवत, असं गावची जुनी माणसं सांगत आली आहेत.

सोव्हिएत संघ मोडला, तरी वाट लगेच उघडली नाही. गावकऱ्यांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला. अखेर 23 डिसेंबर 2005 ला इथे पायी जाणाऱ्यांसाठी नाका सुरू झाला. मात्र दोनच वर्षांनी, 21 डिसेंबर 2007 ला, स्लोवाकिया शेंगेन क्षेत्रात गेला आणि व्हिसाचे नियम कडक झाले. 11 जून 2017 पासून बायोमेट्रिक पासपोर्ट असलेल्या युक्रेनियनांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागेनासा झाला.

जुलै 2020 मध्ये युक्रेनने रायोन, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे विभाग, 490 वरून 136 वर आणले. झाकारपात्यात 13 चे 6 झाले. माली सेल्मेन्त्सी उझ्होरोद रायोनमध्येच राहिलं, फक्त रायोन मोठा झाला. एवढ्या उलथापालथीत या गावाच्या वाट्याला आलेला हा सगळ्यात सौम्य बदल. यात कुणाची बहीण परदेशी झाली नाही.

भेटूया पुढच्या भागात. आणि हो, तुमच्या गावाचा तालुका किंवा जिल्हा कधी बदलला असेल, तर घरातल्या आजी-आजोबांना त्याबद्दल जरूर विचारा.