नथीतला मोती आणि सायकलचा रस्ता

शुक्रवारची पहाट. सगळं दोहा साखरझोपेत असतं आणि मी गाडीची मागची सीट पाडून सायकल आत कोंबत असतो. "आज पुन्हा तिकडेच?" बायको अर्धवट झोपेत विचारते. तिकडे म्हणजे उत्तरेला, झुबाऱ्याला. दोह्यापासून शंभरेक किलोमीटर.

तसं पाहिलं तर सायकलसाठी इतकं लांब जायची गरज नाही. अल खोरच्या रस्त्यालगत ऑलिम्पिक सायकल ट्रॅक आहे. जवळजवळ ३३ किलोमीटरची सलग वाट म्हणून २०२० साली त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तिथे मीही जातो. पण तिथे नुसता व्यायाम होतो. झुबारा ते अर रुवैस या किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र इतिहास भेटतो. अंतर साधारण तीस किलोमीटर, तेवढंच परत. डाव्या हाताला उथळ, हिरवट-निळा समुद्र, उजवीकडे सपाट माळ. घाट नाही, चढ नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं, हे काय सोपंच आहे! पण इथला घाट म्हणजे वारा. 'शमाल' म्हणजे उत्तर. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यालाही तेच नाव. आपण ईशान्येला निघालो की तो डावीकडून मारतो आणि परत फिरलो की उजवीकडून. जाताना त्रास झाला तर येताना पाठीशी असेल, हा हिशेब इथे चालत नाही.

याच वाऱ्यासाठी जगभरचे शर्यतपटू इथे येत. 'टूर ऑफ कतार' ही शर्यत २००२ ते २०१६ अशी पंधरा वर्षं झाली. बेल्जियमच्या टॉम बोनेनने ती चारदा जिंकली. काही टप्पे झुबाऱ्याच्या किल्ल्यापासून मदीनत अश शमालपर्यंत, म्हणजे आमच्याच भागात असत. वाऱ्याला आडोसा म्हणून शर्यतपटू एकमेकांच्या मागे तिरकी रांग धरतात. रांग सुटली की संपलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये दोह्यात रस्ता सायकलिंगची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हाही वाळवंटातल्या वाऱ्यानेच सगळ्या घोळक्याचे तुकडे केले. पीटर सागान जिंकला. शेवटची रेषा होती 'पर्ल' या कृत्रिम बेटावर. पर्ल म्हणजे मोती. हे नाव ठेवण्यामागे एक आख्खं बुडालेलं जग आहे, आणि माझा शुक्रवारचा रस्ता त्याच्या अवशेषांमधून जातो.

सुरुवात झुबाऱ्यापासून. रस्त्यालगतचा देखणा किल्ला खरं तर १९३८ चा, म्हणजे तसा कालचाच. खरं जुनं शहर त्याच्या पलीकडे, समुद्राकाठी वाळूखाली आहे. अठराव्या शतकात कुवेतकडून आलेल्या उतूब टोळ्यांनी ते भरभराटीला आणलं. तट, बुरूज, वाडे, बाजार आणि खजुराचा पाक काढायच्या खोल्या, असं जवळपास ६० हेक्टरांवर पसरलेलं बंदर. १८११ साली मस्कतच्या सुलतानाच्या हल्ल्यात ते जळालं आणि पुढे पूर्वीचं वैभव परत आलं नाही. २०१३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कतारमधलं हे पहिलंच असं स्थळ.

पुढे अल अरीश, अल खुवैर, अल जुमैल ही ओसाड गावं लागतात. अल खुवैर म्हणजे जुन्या कागदांतलं खोर हसन, रहमा बिन जाबिर या दर्यावर्द्याचं ठाणं. इंग्रजांनी त्याला समुद्री लुटारू ठरवलं. अर्थात आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही त्यांनी तेच ठरवलं होतं! १८२६ च्या शेवटच्या लढाईत त्याने स्वतःच्याच जहाजावरची दारू पेटवून दिली, असं सांगतात.

अल जुमैलला मी नेहमी थांबतो. पडक्या भिंती, एक मशीद, तिचा मिनार आणि पुढे ओहोटीचा समुद्र. या गावांचं पोट मासळीवर आणि मोत्यांवर चाले. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं मोत्यांच्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर मुक्काम करत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई. दम संपत आला की दोरी हलवी आणि वरचा माणूस त्याला ओढून घेई. असं दिवसभर, कितीतरी वेळा. गलबताचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच! हंगामाआधी नाखुदा पाणबुड्याला उचल देई, घरच्यांच्या धान्यासाठी. हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर, आणि कधी बापाकडून मुलावर.

आणि हे मोती जात कुठे? बरेचसे आपल्या मुंबईला. तिथे त्यांची प्रतवारी होई, भोकं पाडली जात आणि मग ते पॅरिस-लंडनला किंवा आपल्याकडच्या सराफांकडे जात. आखातातल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. इथे चलन रुपयाच होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि तो १९६६ पर्यंत कतारमध्ये चालला. आपण समजतो, आपण नोकरीसाठी इथे आलेली पहिली पिढी. पण ही ये-जा फार जुनी आहे.

माझ्या आजीच्या नथीत 'बसऱ्याचे मोती' होते. लहानपणी मला वाटे, ते बसरा शहरात मिळत असतील. ते नाव बाजाराचं. मोती इथल्याच समुद्रातले, बहारीन-कतारच्या पट्ट्यातले. मी परदेशी एमएसला निघालो तेव्हा आईने स्वतःच्या पाटल्या आणि ती नथ सराफाकडे गहाण ठेवली. पाटल्या सुटल्या. नथीची मुदत उलटली आणि ती गेली. माझ्या लग्नात बायकोला नवी नथ केली, ती कल्चर मोत्यांची.

जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढवायची कला १८९३ मध्ये साधली आणि १९२० च्या दशकात तसे गोल मोती जगाच्या बाजारात आले. त्यात १९२९ ची मंदी. आखाताचा मोत्यांचा धंदा बसला तो कायमचा. कतारचं तेल निर्यात व्हायला १९४९ चा डिसेंबर उजाडला. मधली वर्षं उपासमारीची होती. पुढे नोकरी, पाणी, वीज जिकडे, तिकडे माणसं गेली आणि ही गावं रिकामी झाली. म्हणजे ज्या मोत्यांनी हा किनारा बुडवला, तेच आज आमच्या घरात आहेत. अल जुमैलच्या भिंतीपाशी पाणी पिताना हे दर वेळी आठवतं.

गेल्या हिवाळ्यात आई आली होती. तिला गाडीने तिथे नेलं, सगळं सांगितलं. ती बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्या लोकांची कर्जं फिटली का रे?"

"आई, कर्ज देणारे व्यापारीच बुडाले."

"म्हणजे आपला सराफ बरा म्हणायचा," ती हसली. "नथ गेली, पण तू तरी वर आलास."

मंडळी, नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत एखाद्या शुक्रवारी अवश्य चला. उजाडताच निघायचं, पाणी आणि पंक्चरचं सामान भरपूर घ्यायचं, कारण वाटेत फारशी दुकानं नाहीत. एकट्याने जाऊ नका. पडक्या भिंतींवर चढू नका, त्या कुणाच्या तरी घराच्या आहेत. आणि घरात जुनी नथ असेल तर निघण्यापूर्वी ती एकदा उजेडात धरून बघा.