उरणचे दोन शिलालेख व राजधानीचा शेजार

लातुराकडील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें मध्यंतरीं पत्र आलें. नोकरी मुंबईस, तेथें घर परवडत नाहीं, म्हणून त्यानें उरणास बिऱ्हाड केलें आहे. सकाळीं गाडीनें जावें व रात्रीं परत यावें, असा त्याचा क्रम. "गुरुजी, तीन बाजूंस पाणी आहे आणि ओळखीचें म्हणून येथें कांहींच नाहीं," असें त्यानें लिहिलें होतें. त्यास दिलेलें उत्तर थोडें वाढवून वाचकांपुढें ठेवीत आहों.

उरण म्हणजे जुन्या कागदपत्रांतील करंजा बेट. मुंबई बंदराच्या पैलतीरीं, द्रोणागिरीच्या आसपास वसलेलें हें स्थळ मिठागरें, बांध व भराव यांच्या योगानें मुख्यभूमीस जोडलें जाऊन बेटाचें द्वीपकल्प झालें. राजधानीच्या शहरापासून दिवसाच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यांत असणें, हा या भूमीचा योग आजचा नव्हे. त्याची साक्ष येथील शिलालेख देतात.

पहिला लेख चांजे येथील, शके १०६० (इ. स. ११३८-३९) चा. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य यानें आपली माता लीलादेवी हिच्या पुण्यार्थ नागुम् म्हणजे आजचें नागांव येथील शेत दिलें. त्याच लेखांत चांजे येथील एका बागेचेंहि दान आहे. दुसरा लेख त्याच गांवचा, शके ११८२ (इ. स. १२६०) चा. त्यांत सोमेश्वर राजानें चांजे येथील कोंथलेस्थान नांवाच्या बागेचें ठरीव उत्पन्न, १६२ पारुत्थ द्रम्म, श्रीस्थानक म्हणजे ठाणें येथील उत्तरेश्वर महादेवास अर्पण केलें आहे.

या दोन दानांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. पहिल्यांत प्रत्यक्ष जमीन दिली आहे. दुसऱ्यांत बाग चांज्यासच राहते, तिचें उत्पन्न नाण्यांत नेमिलें जातें आणि तें खाडीपलीकडील शहराच्या देवालयास लावून दिलें जातें. झाडांस पाणी घालणारा एके ठिकाणीं, फळ खाणारा देव दुसरे ठिकाणीं! धर्मकृत्य म्हणून तें आदरणीयच; परंतु शहर व त्याचा किनाऱ्यावरील शेजार यांचा आर्थिक संबंध इतक्या स्पष्टपणें नोंदविणारा लेख आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीकडे वळूं. हे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवितात. तगर म्हणजे लातुराच्या पश्चिमेस असलेलें, आज धाराशिव जिल्ह्यांत मोडणारें तेर, ही ओळख फ्लीट यांनीं १९०१ मध्यें पटविली व ती पुढें मान्य झाली. ज्या राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून शिलाहार कोंकणांत राज्य करूं लागले, ते राष्ट्रकूटहि आपणांस लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत. आणि लट्टलूर म्हणजे लातूर, असें बहुतेक विद्वान् मानतात. तेरास विटांचें एक प्राचीन देवालय आहे व त्याच्या कोरीव लांकडी द्वारशाखेची कीर्ति दूरवर आहे. त्या देवाचें नांवहि उत्तरेश्वरच. केवळ नामसाम्य हा पुरावा होत नाहीं. तथापि तगराचें नांव मिरविणाऱ्या राजांनीं ठाण्यास त्याच नांवाचा देव पूजावा, ही गोष्ट शोधकांनीं दृष्टीआड करूं नये.

चांज्याच्या दुसऱ्या लेखानंतर थोड्याच वर्षांनीं देवगिरीच्या महादेव यादवानें कोंकणावर स्वारी केली. सोमेश्वर समुद्रांत बुडाला, असें हेमाद्रीच्या प्रशस्तीवरून दिसतें. पुढें पोर्तुगीजांच्या काळीं या भागाचें केंद्र वसई झालें. १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली. १७७४ मध्यें इंग्रजांनीं साष्टीबरोबर करंजाहि घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडेच राहिलें. ठाणें, वसई, मुंबई अशीं शहरें बदललीं. उरणची जागा मात्र तीच राहिली.

आमच्या काळांत हा संबंध अधिक तीव्र झाला. १९७० मध्यें स्थापन झालेल्या सिडकोमार्फत नव्या शहरासाठीं येथील शेतें व मिठागरें संपादन होऊं लागलीं. मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें जासई व नवघर येथें गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्याचें फळ होय. १९८९ मध्यें न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ या दिवशीं उरणपर्यंतची रेल्वे व शिवडी-न्हावा सागरी सेतु यांचें एकाच वेळीं उद्घाटन झालें. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास लाँचनें जाणाऱ्या पिढीस जें अंतर समुद्राच्या मर्जीवर अवलंबून वाटे, तें आतां घड्याळावर मोजतां येतें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. जमीन गेली म्हणजे तिच्यावरील दगडहि भरावाखालीं जातो. शेताच्या बांधावर सूर्यचंद्र अथवा गाढव कोरलेला दगड दिसल्यास तो उचलून घरीं नेऊं नये. जागेची नोंद करून ठसा घ्यावा व छायाचित्र काढावें. तसेंच आगरी व कोळी कुटुंबांच्या पेट्यांतील सनदा, खारबंदिस्तीचे व मिठागरांचे कागद यांच्या नकला कराव्या. हे कागद त्यांच्या हक्काचे आहेत. मूळ त्यांच्यापाशींच राहावें.

विद्यार्थ्यास आम्हीं कळविलें कीं, सुटीच्या दिवशीं चांज्यास जाऊन ये. तुझ्या मुलखाचें नांव बिरुदांत धारण करणाऱ्या राजांनीं दिलेल्या शेतांजवळून तुझी गाडी रोज जाते.